तांबडीवरचा पडताळ्या

"माझ्यावर प्रेम करतात का गं ते?"

महासुभेदार वज्रकेतूने मला हे विचारलं तेव्हा तो आंघोळीच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसला होता. डोक्यावर ओला पंचा, नाकावर साबणाचा फेस. पाऊण आकाशगंगा ज्याच्या नावाने चळचळा कापायची, तो माणूस हा. मी हौदाच्या काठाशी उभी होते, माझ्या शेजारी विसाजी, आणि विसाजीची बोटं नेहमीसारखी माझ्या मनगटावर.

"कोण, सरकार?" मी विचारलं.

"हे खालचे. तांबडीवरचे." त्याने फेसाळलेल्या हाताने जहाजाच्या खिडकीकडे बोट केलं. खाली तो चंद्र दिसत होता, महिनाभर न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा. पोटात तांब्याच्या खाणी, पाठीवर लोखंडी घुमट आणि घुमटांत माणसं.

"तपासल्याशिवाय कसं सांगू, सरकार?"

"उद्या सकाळी तपास. ते मला भितात हे ठाऊक आहे मला. भितात सगळेच. त्याचा आता कंटाळा आला." त्याने उसासा टाकला, तसे पाण्यावर बुडबुडे आले. "मला प्रेम हवंय, द्वारके. खरं. आतून आलेलं."

मेल्या, मी मनात म्हटलं, प्रेम हवं होतं तर केवडीवर काय केलंस?

विसाजीला ते कळलंच असणार, पण तो हूं की चूं करायचा नाही. मनात शिव्या देणं हा साम्राज्यात गुन्हा नव्हता. असता, तर त्या हौदात पाणी भरायलासुद्धा माणूस उरला नसता.

केवडी हा तांबडीच्या शेजारचा चंद्र. तिथेही वज्रकेतूने हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा आमच्या जागी दुसरी जोडी कामावर होती, आणि त्यांनी खरं ते सांगितलं, की सरकार, हे लोक तुमच्या नावाने बोटं मोडतात. वज्रकेतू रडला. खोटं नाही सांगत, हमसून हमसून रडला, आणि रडत रडतच गळ्यातली चावी काढून त्याने केवडीची हवा तोडली. म्हातारीकोतारी, तान्ही बाळं, सगळी दुपारच्या जेवणाआधी संपली. मग त्याने तिथे स्वतःच्या दुःखाचं स्मारक बांधायचा हुकूम सोडला. अशा माणसाला तुमच्या शाळेच्या पुस्तकात 'कठोर पण कर्तबगार' असं लिहिलंय. कर्तबगार! डोंबल!

आमचं कामही त्या पुस्तकात धड दिलेलं नाही, म्हणून मीच सांगते. आम्ही मनकवडे. दुसऱ्याच्या मनातलं आम्हाला दिसतं. साम्राज्याने आम्हाला जिथून तिथून वेचून आणलं आणि एका जागी डांबलं. त्या जागेला ते पागा म्हणायचे, घोड्यांची असते ना, तीच. मनकवड्याने लोकांच्या मनात बघायचं आणि सरकारला तोंडाने सांगायचं. पण मनकवडाच खोटं बोलला तर? म्हणून त्याच्या मनगटावर दुसऱ्याची बोटं. हा पडताळ्या. त्याने जगाकडे बघायचं नाही, फक्त मनकवड्याच्या मनात बघायचं, की हा काही लपवतोय का. लपवत असेल तर हातातली घंटी वाजवायची, नसेल तर मान खाली घालायची. घंटी वाजली की मनकवड्याचं डोकं धुतात. माणूस जिवंत राहतो, खातो, झोपतो, पण आत कोणी उरत नाही.

आणि पडताळ्याच्या मनात कोण बघतो? संध्याकाळच्या फेरीला वरचे पडताळे. त्यांच्या मनात त्यांच्या वरचे. असं वर, वर, पार बादशहापर्यंत. एकमेकांना राखायला इतकी माणसं बसवली होती, की राज्य चालवायला कोणी मोकळाच नव्हता.

विसाजी पागेतच जन्मलेला. त्याला नाव नव्हतं, आकडा होता. विसाजी हे आमच्या धोंडवाडीच्या घरच्या बोकडाचं नाव, ते मी त्याला दिलं, कारण दोघांची बघण्याची तऱ्हा एकच. पागेत जन्मलेली माणसं तोंडाने बोलत नाहीत. मनातलं मनाला कळतं, मग जीभ कशाला? त्यांच्यात बोलणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. बोलायचं ते आमच्यासारख्या बाहेरून आणलेल्यांनी, तेही सरकारला सांगण्यापुरतं.

मला पकडलं तेव्हा मी चांगली परकरी पोर होते, आणि आमच्या घराण्यात कोणी मुकं जन्मलेलं नाही. जहाजावरचे दिवस सरता सरत नसत. हा बाबा चोवीस तास मनगटाला चिकटलेला. मग मी बोलायची. चहा कसा पांचट आहे, नायबाच्या मिशा कशा चिकटवल्यासारख्या दिसतात, माझी आई भाकरी थापताना कशी भांडायची, धोंडवाडीच्या विहिरीचं पाणी कसं गोड. सकाळी सुरू व्हायची ती डोळा लागेपर्यंत. त्याने एकदाही मान वळवली नाही. भिंतीशी बोललं तर भिंतीचे निदान पोपडे तरी पडतात.

"ठोंब्या," मी त्याला म्हणायची, "तुझ्यापेक्षा आमचा बोकड बरा होता. तो निदान शिंग तरी मारायचा."

काही नाही. बोटं मनगटावर, नजर समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तांबडीच्या धक्क्याला लागलो. जहाज एका बाजूला, समोर मोठ्या घुमटाचं लोखंडी दार. दार उघडं होतं, पण वज्रकेतू आत जाणार नव्हता. तो कुठेच आत जात नसे. धक्क्यावर गालिचा अंथरून, सिंहासन मांडून, चहूबाजूंनी शिपायांची भिंत उभी करून तो बसला. दारापलीकडे अख्खी वस्ती जमलेली. त्यांच्यातर्फे एकटी बाई बाहेर आली. तानूबाई वाघचौरे, खाणीची मुकादम. हाडं दणकट, केसांत तांब्याची धूळ, आणि चालणं असं, की धक्का तिच्याच मालकीचा.

"तांबडीवर काम का थांबलं होतं?" वज्रकेतूने विचारलं.

"हवा कमी येत होती, सरकार. धाप लागली की हातोडा उचलत नाही."

"आता येते?"

"आता येते."

"मग..." तो पुढे झुकला, आवाज मऊ केला. लग्नाच्या मुलीला विचारतात ना, तसा. "माझ्यावर प्रेम आहे का तुमचं?"

तानूबाईने त्याच्याकडे पाहिलं. "आहे की, सरकार. किती हवंय?"

नायब कर्कोटाच्या मिशा थरथरल्या. वज्रकेतूला मात्र टोमणा कळलाच नाही. टोमणा कळायला आधी माणसाला समोरच्याचं ऐकावं लागतं. त्याने माझ्याकडे बोट हलवलं. "मनकवडे, बघ."

मी आणि विसाजी तानूबाईच्या पुढ्यात जाऊन उभे राहिलो. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बघ गं पागेतले," ती हळू आवाजात म्हणाली. "पोटभर बघ. माझी लेक केवडीवर दिली होती."

मी पाहिलं. तिच्या मनात ती लेक होती, पोळ्या लाटत बसलेली, आणि पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी तशीच. त्याच्या मागे राग. उकळता नव्हे, निवून दगड झालेला. मग मी दारापलीकडच्या सगळ्यांच्या मनांवरून हात फिरवावा तसं फिरून आले. एक माणूस सोडला नाही. सगळीकडे तोच दगड. आणि त्याखाली त्यांचा बेत. खाणीच्या तळाशी त्यांनी स्वतःची हवेची भट्टी बांधली होती. पण तिची हवा घुमटांत चढवायची तर हवेची कुलपं उघडायला एकच गोष्ट हवी होती, वज्रकेतूच्या गळ्यातली चावी, जी त्याच्याच जिवंत तळव्यात फिरते. तो एकदा, एकदाच, शिपायांशिवाय त्या दाराच्या आत आला पाहिजे. बस. पण तो कुठे आत येतोय? त्यामुळे तो बेत त्यांच्या मनात लग्नात मिळालेल्या जड भांड्यासारखा नुसता पडून होता.

मी खरं सांगितलं, की दुपारच्या आत तांबडीची केवडी होणार. खोटं सांगितलं, की घंटी.

"खरं सांगणार तू?" तानूबाईने विचारलं.

"माझ्या हातात नाही," मी म्हटलं आणि मनगटाकडे नजर टाकली.

"मग कोणाच्या हातात आहे?"

मी परत फिरले.

"बोल," वज्रकेतू म्हणाला.

आमचं सांगणंसुद्धा ठरलेलं असे. लोक एकनिष्ठ असतील तर म्हणायचं, 'प्रजा सुखी, प्रजा निष्ठ, प्रजा आपली.' नसतील तर, 'प्रजा फितूर, सरकार मुखत्यार.' पहिलं वाक्य मी रोज म्हणत असे. रोज सकाळी जहाजावरच्या खलाशांची तपासणी व्हायची, तेव्हा एकेका खलाशापुढे तेच. माझी आई देवापुढे स्तोत्र म्हणायची आणि मनात हिशेब करायची, की शेजारणीने नेलेली परात परत दिली का. तोंड आपलं चालू. तसंच माझं झालं होतं.

मी तोंड उघडलं. मनात तानूबाईची लेक होती, तो दगड होता, भट्टी होती, सगळं उघड्यावर, काहीही झाकलेलं नाही. आणि तोंडातून आलं, "प्रजा सुखी, प्रजा निष्ठ, प्रजा आपली."

देवाशप्पथ, मी ठरवलं नव्हतं. बोलून गेल्यावर मला कळलं, की हे मी काय बोलले. मी घंटीची वाट बघत राहिले.

घंटी वाजली नाही. विसाजीने मान खाली घातली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा ठोंब्या फक्त आत बघतो! आत मी काही लपवलंच नव्हतं. बाहेर तोंड काय बोललं, ते याच्या बापजन्मी कानावर पडलेलं नाही. सगळ्या साम्राज्याने एवढा डोलारा उभारला आणि त्यात कान ठेवायचे विसरले. मला इतकं हसू येत होतं, की गालाला आतून चावा घेऊन उभी राहिले.

वज्रकेतूचे डोळे भरून आले. "ऐकलंस, कर्कोट? प्रजा आपली!"

"ऐकलं, सरकार," नायब म्हणाला.

"मग हे शिपाई कशाला? हा गालिचा कशाला? मी आत जाणार. माझ्या माणसांत. एकटा."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तानूबाईच्या मनात काय उसळलं ते मला बघावंही लागलं नाही, तिच्या मानेची शीरच सांगत होती.

कर्कोट पुढे आला. "सरकार, देहाला धोका असेल तर पडताळ्याने स्वतःच्या तोंडाने साक्ष द्यावी लागते. कायदा आहे."

मेल्या कर्कोटा! कायद्याचं त्याला एवढं प्रेम कुठून आलं होतं? पण तो अडून बसला. वज्रकेतूने चिडून विसाजीकडे पाहिलं. "बोल बाबा. माझ्या जिवाला आत धोका आहे का? ही बाई खरं सांगते का?"

आता संपलं, मला वाटलं. आता त्याला माझ्या मनात बघून स्वतः उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्या मनात तर सगळाच्या सगळा बेत. आत पाऊल टाकलं की दार लागणार, चावी काढून घेणार. लपवायला जागाच नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

विसाजीने घसा खाकरला. गंजलेलं बिजागर कुरकुरावं तसा आवाज आला. मग तो बोलला.

"जावा की बिनघोर," तो म्हणाला. "जीव ओवाळून टाकतील तुमच्यावर."

मी डोळे उघडले. शब्द सोडा, तो हेल! शेवटचा शब्द असा वर ओढून मग सोडून द्यायचा, असं फक्त धोंडवाडीत बोलतात. माझी आई तसं बोलायची. मी तसं बोलते. या माणसाने जन्मात एकाच माणसाचं बोलणं ऐकलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं ऐकलं होतं.

आणि मी म्हणे साम्राज्याला फसवलं! अहो, जो माणूस माझ्या डोक्यात बसलाय, त्याला माझ्या मनातलं एक आणि तोंडातलं एक हे कळणार नाही? मघाशी मान खाली घातली तेव्हाही त्याला सगळं कळलं होतं. कळून घातली होती. तुमच्या पुस्तकात माझ्या 'असामान्य चातुर्या'बद्दल अख्खं पान आहे. फाडून टाका ते.

वज्रकेतू शिपायांना धक्क्यावर ठेवून आत निघाला. कायद्याने जोडी सरकारबरोबरच राहते, म्हणून आम्ही दोघे मागोमाग. उंबरा ओलांडून तो चार पावलं गेला नसेल, तोच मागे लोखंडी दार धडाड्दिशी लागलं.

"गर्दी आत येऊ नये म्हणून लावलं असेल," वज्रकेतू हसत म्हणाला.

कोणीच हसलं नाही.

"बसा, सरकार," तानूबाई म्हणाली. दोघा दणकट माणसांनी त्याला बाकावर बसवलं, आणि तिसऱ्याने गळ्यातली चावी त्याच्याच तळव्यात धरून मूठ आवळली.

"द्वारके!" तो ओरडला. "हे काय? तू तर म्हणालीस..."

"प्रजा आपलीच आहे, सरकार," मी म्हटलं. "तुम्ही तिचे नाही, एवढंच."

त्याला चावीसकट खाणीत नेलं. भट्टी पेटून घुमटांत हवा चढायला बराच वेळ लागणार होता. तोवर घुमटांत हवा यायची ती धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या नळातून, आणि तो नळ कर्कोटाच्या हातात होता. धक्क्यावरून दारावर थापा पडायला लागल्या.

"सरकारचं कुशल कळवा!" बाहेरून कर्कोटाचा आवाज. "जोडीपैकी एकाने येऊन साक्ष द्यावी, नाहीतर हवा तोडतो!"

तानूबाईने माझ्याकडे पाहिलं. "मी जाते," मी म्हटलं.

मनगटावरची बोटं घट्ट झाली.

"तुझं ऐकणार कोण?" विसाजी म्हणाला, त्याच हेलात. "तुझ्यावर तर पडताळ्या लागतो. माझ्यावर नाही. संध्याकाळपर्यंत तरी नाही."

"आणि संध्याकाळी?"

"फेरी येईल."

"अरे मूर्खा, तुझं डोकं धुतील ते! कळतंय का तुला?"

"कळतंय." त्याने थोडा विचार केला. शब्द हुडकायला त्याला वेळ लागत होता, डब्यातला तळाचा लाडू हुडकावा तसा. "तोवर भट्टी पेटेल का?"

"पेटेल," तानूबाई म्हणाली.

"तर मग झालं."

"काय झालं? काही झालं नाही!" मी त्याची बाही पकडली. मला भयंकर राग आला होता. "इतकी वर्षं ऐकत होतास तर एकदा तरी हूं म्हणायला काय झालं होतं तुला? मी आपली खुळ्यासारखी एकटीच बडबडत होते!"

त्याने माझ्या मनगटावरची बोटं सोडली. तिथली कातडी पांढरीफटक पडली होती, बांगडी काढल्यावर पडते तशी. मग तो दाराकडे चालायला लागला. दार हातभर उघडलं, तो बाहेर गेला, दार लागलं. आतून आम्हाला त्याचं बोलणं ऐकू आलं. सरकार खुशीत आहेत, जेवायला बसलेत, लोक त्यांना उठू देत नाहीत, संध्याकाळपर्यंत कोणी त्रास देऊ नये, असं तो सांगत होता. कर्कोट हो हो म्हणत होता. पडताळ्याच्या शब्दावर शंका घ्यायची साम्राज्यात पद्धतच नव्हती.

भट्टी वेळेत पेटली. संध्याकाळच्या फेरीत विसाजीच्या मनातलं उघडं पडलं आणि जहाजाने नळ तोडला, तेव्हा घुमटात कोणाला साधी धापसुद्धा लागली नाही. आम्हाला वाटलं आता तोफा लागतील. पण कर्कोटाला तोफांपेक्षा घाई जास्त. दुसऱ्या कोणी गादीवर बसायच्या आत त्याला राजधानी गाठायची होती. जाताना त्याने जाहीर केलं, की महासुभेदार वज्रकेतू प्रजेच्या प्रेमात विलीन झाले. वज्रकेतूला सोडवायला साम्राज्याने एक होडीसुद्धा पाठवली नाही. विसाजीच्या बदल्यात त्याला घेऊन जा, असा निरोप मी स्वतः धाडला होता. उत्तर आलं, 'ठेवून घ्या.' तो इथेच म्हातारा झाला. तानूबाईने त्याला खानावळीत कांदे चिरायला बसवला. डोळे पुसत पुसत येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "बरा चिरलाय ना?" लोक म्हणायचे, "जाड आहे."

बऱ्याच वर्षांनी मिठाच्या व्यापाऱ्याची एक होडी आली. तिच्यातून विसाजी उतरला. उतरला म्हणजे उतरवला. धुतलेली माणसं पागेला कामाची नसतात. खायला घालायचा कंटाळा आला की त्यांना कुठल्याही धक्क्यावर सोडून देतात. व्यापारी म्हणाला, हा वाटेत एकच नाव घ्यायचा, तांबडी, म्हणून आणला.

मी त्याच्या मनात डोकावले. घासून पालथी घातलेली परात. नाव नाही, चेहरा नाही, मी नाही. मी त्याला घरी आणलं, ओट्यावर बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि रडले. मोठ्याने रडले. लपवू कशाला?

त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चहा आहे की भांडी विसळल्याचं पाणी?"

माझंच वाक्य. माझाच हेल. दुसऱ्या दिवशी नायबाच्या मिशा. तिसऱ्या दिवशी धोंडवाडीची विहीर. तेव्हा मला समजलं. त्या शहाण्यांनी मन घासून घासून धुतलं, आणि जिभेकडे कोणी बघितलंच नाही! तोंड म्हणजे ढेकर द्यायची जागा, एवढीच त्यांची अक्कल. मग काय, तो माझं बोलणं मलाच ऐकवायचा आणि मी त्यावर आणखी बोलायची. लोक म्हणाले, द्वारकाक्का, आशा नका लावून घेऊ, हा पोपट आहे, आत कोणी नाही. मी म्हणायची, तुमचं काय जातं?

परवा तुमच्या शाळेची समिती आली होती. तांबडीमुक्तीचा पुतळा उभारायचाय म्हणाले. मी पुढे, तेजस्वी चेहरा, हात आकाशाकडे, आणि माझ्या मागे मान खाली घातलेला विसाजी. मी जी सुरू झाले! पुतळ्यापासून पुस्तकापर्यंत, वज्रकेतूपासून त्या समितीच्या अध्यक्षाच्या टोपीपर्यंत, कोणाला म्हणून सोडलं नाही. माझा श्वास संपेना आणि त्या बिचाऱ्यांना उठता येईना.

विसाजी कोपऱ्यात शेंगा सोलत बसला होता. त्याने शेंगा बाजूला ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "द्वारके, किती बोलतेस गं!"

हे वाक्य माझं नव्हतं. मी स्वतःला असं कशाला म्हणेन? आणि दुसऱ्या कोणाची त्याच्यापुढे मला असं म्हणायची कधी छाती झाली नव्हती. हेल धोंडवाडीचाच, पण वाक्य त्याचं होतं.

समितीवाले कधी उठून गेले मला कळलं नाही. मी त्याच्या मनात डोकावले नाही. मनगटाला हातसुद्धा लावला नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग तू बोल."

आणि त्याच्या समोर पाट ओढून, तोंड मिटून, ऐकायला बसले.